प्रयोगशाळेतला राक्षस आणि स्वस्तातला सिनेमा : पार्श्वभूमी

प्रयोगशाळेत घडवलेल्या राक्षसाची गोष्ट १८१८ च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ कादंबरीपासून सुरू करायची रीत आहे. १९३१ च्या चित्रपटाने त्या गोष्टीला ठिणग्या उडवणारी यंत्रं दिली. पण तो चित्रपट मोठ्या स्टुडिओचा होता. चार पैशांत उभा राहणारा राक्षस निराळा, आणि त्याचं मूळ शोधायला कोर्टाच्या एका निकालापाशी जावं लागतं.

१९३८ मध्ये अमेरिकी सरकारने आठ बड्या चित्रपट कंपन्यांवर मक्तेदारीचा खटला भरला. त्यांतल्या पाचांच्या मालकीची थिएटरं होती. बाहेरच्या थिएटरवाल्याला नामांकित नटाचा एक चित्रपट हवा असेल, तर त्याच कंपनीचे इतर चित्रपटही, पुष्कळदा न पाहताच, गळ्यात मारले जात. १९४० च्या तडजोडीत हा गठ्ठा पाच चित्रपटांवर आला, पण तक्रारी थांबल्या नाहीत. ३ मे १९४८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गठ्ठाविक्री बेकायदा ठरवली. थिएटरांच्या मालकीचा प्रश्न खालच्या न्यायालयाकडे परत गेला आणि पुढच्या काही वर्षांत पाचही कंपन्यांना आपली थिएटरं वेगळी काढावी लागली.

या निकालावर आजही दोन तट आहेत. एका तटाच्या मते त्यामुळे स्टुडिओंची बसलेली घडी मोडली, कायम पगारावरचे नट आणि कारागीर रस्त्यावर आले, चित्रपटांची संख्या घटली. हे नुकसान खरं आहे. मात्र त्यात टेलिव्हिजनचा वाटा किती आणि निकालाचा किती, हे कुणालाच नीट वेगळं करता आलेलं नाही. दुसरी बाजू मला अधिक महत्त्वाची वाटते. गठ्ठा होता तोवर दुय्यम चित्रपटही हमखास खपत. गठ्ठा सुटल्यावर बड्या कंपन्यांनी मोजकेच, पण खर्चिक चित्रपट काढायला सुरुवात केली. मग एका तिकिटात दोन चित्रपट दाखवणाऱ्या थिएटरवाल्याने आणि ड्राइव्ह-इनवाल्याने (जिथे गाडीत बसूनच उघड्यावर चित्रपट पाहतात) दुसरा चित्रपट आणायचा कुठून? ही रिकामी जागा छोट्या निर्मात्यांनी भरली.

जागा मिळाली, तरी पैसा बेताचाच. दुय्यम चित्रपट ठोक भाड्याने जायचा, गल्ल्यात त्याला वाटा नसायचा. मिळकत आधीच ठरलेली, म्हणजे खर्च तिच्या आत बसवणं आलं. १९५० च्या दशकात एका नव्या कंपनीने दोन स्वस्त चित्रपटांची जोडीच विकायला काढली आणि गल्ल्यातला वाटा मिळवला. राक्षसपटांना बरकत आली ती तेव्हा.

अणुबाँबच्या भीतीतून हे राक्षस जन्मले, असं नेहमी सांगितलं जातं. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. भीती सगळ्यांनाच होती. प्रयोगशाळा निवडली गेली ती परवडते म्हणूनही. एक खोली, काचेची भांडी, बंद दार, चार-पाच नट आणि बाहेर अंधार, एवढ्यावर पटकथा उभी राहते. १९५९ चा ‘द किलर श्रूज’ पाहा. अन्न पुरावं म्हणून माणसाचा आकार लहान करू पाहणारे संशोधक एका बेटावर आहेत आणि त्यांच्या प्रयोगातून चिचुंद्र्या कुत्र्याएवढ्या होतात. पडद्यावर पळतात ती खरोखरच कुत्री, अंगावर केसाळ आवरण बांधलेली. जवळच्या शॉटसाठी तेवढी बाहुल्यांची डोकी वापरली आहेत. हा चित्रपट टेक्सासमध्ये तयार झाला आणि त्यामागे खुद्द थिएटरांचा एक मालक होता. दाखवायला चित्रपट हवेत म्हणून थिएटरवाल्यानेच राक्षस घडवायला घ्यावा, यातच त्या निकालाचा परिणाम दिसतो.

पुढे विज्ञान बदललं. १९७३ मध्ये जनुकं एका जीवातून दुसऱ्यात घालण्याचं तंत्र हाती आलं. १९८० मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने, ५ विरुद्ध ४ मतांनी, प्रयोगशाळेत बदललेल्या जिवाणूचं पेटंट घेता येतं असं म्हटलं. १९७८ च्या ‘पिरान्हा’मध्ये लष्कराने घडवलेले मासे नदीत सुटतात, १९८२ च्या ‘फॉरबिडन वर्ल्ड’मध्ये जनुकं जोडून केलेला जीव संशोधकांवरच उलटतो. या दुसऱ्या चित्रपटाने आधीच्या एका अवकाशपटाचे सेट वापरले. त्याची सुरुवातीची दृश्यं तर पटकथा तयार होण्यापूर्वीच चित्रित झाली होती. सेट मोडण्याआधी वापरून घ्यायचा, हा तिथला धडा.

व्हिडिओ कॅसेटने थिएटरची सक्ती संपवली. १९८५ चा ‘री-अ‍ॅनिमेटर’ अमेरिकेत प्रमाणपत्राविनाच प्रदर्शित झाला आणि व्हिडिओवर त्याला निष्ठावान प्रेक्षक मिळाला. १९९३ मध्ये ‘कार्नोसॉर’ हा स्वस्त डायनासोरपट त्याच विषयावरच्या महागड्या चित्रपटाच्या काही आठवडे आधी थिएटरात पोहोचला. २०१० चा ‘शार्कटोपस’ थेट केबलवर आला. त्यातला अर्धा शार्क, अर्धा ऑक्टोपस नौदलासाठी घडवलेला होता, आणि रबरी पोशाखाची जागा संगणकाने घेतली होती.

ऑगस्ट २०२० मध्ये खालच्या न्यायालयाने १९४८ च्या खटल्यातून आलेले निर्बंध उठवले. गठ्ठाविक्रीवरची बंदी मात्र आणखी दोन वर्षं ठेवली. परिस्थिती बदलली, आता थिएटर हा एकच मार्ग उरलेला नाही, हे त्यामागचं कारण. मला ते पटत नाही. आज छोट्या निर्मात्याचा राक्षस ज्या स्ट्रीमिंग कंपन्यांच्या दारात उभा असतो, त्या स्वतः चित्रपट काढतात आणि स्वतःच दाखवतात. खटला १९३८ मध्ये भरला गेला, तो नेमका याच व्यवस्थेविरुद्ध.