बेकेनबाउर, फ्रान्झ

(११ सप्टेंबर १९४५ – ७ जानेवारी २०२४). जर्मन फुटबॉलपटू व प्रशिक्षक. बचावफळीत राहून संघाचे आक्रमण चालवणारा ‘लिबेरो’ म्हणून त्यांची जगभर ओळख आहे. पश्चिम जर्मनीने १९७४चा विश्वचषक त्यांच्या नेतृत्वाखाली जिंकला आणि १९९०चा त्यांच्या प्रशिक्षणाखाली. खेळाडू व प्रशिक्षक अशा दोन्ही नात्यांनी विश्वविजेते होण्याचा मान त्यांच्याआधी फक्त ब्राझीलच्या मारिओ झागालो यांना मिळाला होता. कर्णधार आणि प्रशिक्षक म्हणून तो मिळवणारे बेकेनबाउर पहिलेच.

म्युनिकच्या गीसिंग या कामगारवस्तीत त्यांचा जन्म झाला. वडील टपाल खात्यात नोकरीला होते. शहरातला मोठा क्लब तेव्हा १८६० म्युनिक. फ्रान्झही तिकडेच जायचा, पण मुलांच्या एका सामन्यात १८६०च्या खेळाडूने त्याच्या कानाखाली वाजवली आणि तेरा वर्षांच्या या पोराने रागारागाने बायर्नची वाट धरली. बायर्न म्युनिक त्या वेळी आजच्यासारखा बलाढ्य नव्हता. १९६३ मध्ये बुंडेसलीगा ही पश्चिम जर्मनीतली सर्वोच्च साखळी स्पर्धा सुरू झाली तेव्हा तिच्यात त्याला जागासुद्धा मिळाली नव्हती. बेकेनबाउर, गोलरक्षक सेप मायर आणि गोलांचा सपाटा लावणारा गेर्ड म्युलर ही तिघे जमली आणि १९६५ मध्ये बायर्न वरच्या श्रेणीत आला. फुटबॉलवर पोट भरेल याची खात्री नसल्याने बेकेनबाउरनी सुरुवातीला आलियान्झ या विमा कंपनीत उमेदवारी केली होती. बायर्नच्या आजच्या मैदानाला याच कंपनीचे नाव आहे.

‘लिबेरो’ हा इटालियन शब्द; अर्थ ‘मोकळा’. बाकीचे बचावपटू प्रतिस्पर्ध्याचा एकेक आक्रमक वाटून घेत आणि त्याला सावलीसारखे चिकटून राहत. लिबेरोच्या वाट्याला कोणीच नसे. तो सर्वांच्या मागे थांबून निसटलेला चेंडू गोळा करी, म्हणजे मूळ काम झाडलोटीचेच. बेकेनबाउर यांनी इंटर मिलानचा डावा बचावपटू जाचिंतो फाकेत्ती याला कडेने धावत पुढे जाताना पाहिले होते. कडेचा बचावपटू असा जाऊ शकतो तर मधल्याने का जाऊ नये, असा त्यांचा साधा हिशेब. ज्याला कोणावर लक्ष ठेवायचे नाही त्याच्यावर लक्ष ठेवायचे हे प्रतिस्पर्धी संघात कोणीच ठरवलेले नसते. तो चेंडू घेऊन मध्यरेषा ओलांडू लागला की समोरच्यांची गणिते चुकत. मान ताठ, नजर चेंडूवर नव्हे तर पुढच्या मोकळ्या जागेवर, आणि उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेने दिलेला वळणदार पास. ‘कायझर’ म्हणजे सम्राट हे टोपणनाव या डौलाला शोभणारेच होते. व्हिएन्नात सम्राट फ्रान्झ जोसेफच्या अर्धपुतळ्याशेजारी काढलेल्या छायाचित्राशीही ते जोडले जाते.

राष्ट्रीय संघात मात्र ते बराच काळ मधल्या फळीत खेळले. १९६६च्या विश्वचषकात विशीतल्या या खेळाडूने चार गोल केले. अंतिम सामन्यात प्रशिक्षक हेल्मुट शॉन यांनी त्यांना इंग्लंडच्या बॉबी चार्लटनमागे लावले. चार्लटनवरही बेकेनबाउरना रोखण्याची जबाबदारी होती. दोघांनी एकमेकांना जखडून ठेवले आणि इंग्लंड ४-२ असे जिंकले. आपला सर्वांत कल्पक खेळाडू दुसऱ्याच्या राखणीला बसवला की काय होते, याचा हा धडा त्यांनी अंगावर घेतला होता. तो पुढे त्यांच्याच हातून विसरला गेला, ते ओघात येईलच.

१९७०च्या उपांत्य सामन्यात इटलीविरुद्ध त्यांचा खांदा निखळला. बदली खेळाडू संपले होते. हात छातीशी बांधून ते अतिरिक्त वेळेतही खेळत राहिले. जर्मनी ३-४ अशी हरली. १९७२ची राष्ट्रीय संघांची युरोपीय स्पर्धा जर्मनीने लिबेरो बेकेनबाउर यांच्या नेतृत्वाखाली जिंकली. बायर्नने १९७४ ते १९७६ अशी सलग तीन वर्षे क्लबांचा युरोपियन चषक पटकावला. युरोपातील सर्वोत्तम खेळाडूचा ‘बालाँ दॉर’ त्यांना १९७२ आणि १९७६ मध्ये मिळाला. हा मान बचावपटूच्या वाट्याला क्वचितच येतो.

त्यांच्यातला प्रशिक्षक पहिल्यांदा दिसला तो मैदानाबाहेर, १९७४ मध्ये. विश्वचषकापूर्वी मालेंटे येथील शिबिरात बक्षिसाच्या रकमेवरून खेळाडू आणि जर्मन फुटबॉल संघटना यांच्यात जुंपली. शॉन इतके वैतागले की सगळ्यांनाच घरी पाठवायची भाषा करू लागले. रात्री फोनवर घासाघीस करून तोडगा काढला तो कर्णधाराने. त्यानंतर साखळीत पूर्व जर्मनीकडून ०-१ असा मानहानीकारक पराभव झाला. शॉन पुरते खचले. पुढच्या सामन्यांसाठी संघात कोण हवे, कोण नको यात बेकेनबाउरचा शब्द वजनदार ठरू लागला. अंतिम सामन्यात नेदरलँड्सने दुसऱ्याच मिनिटाला पेनल्टीवर गोल केला, तरी जर्मनी २-१ अशी जिंकली. नेदरलँड्सचा हुकमी खेळाडू योहान क्रायफ याला धरून ठेवण्याचे काम बेर्टी फोग्ट्सकडे होते आणि बेकेनबाउर मोकळे होते.

१९७७ मध्ये ते न्यूयॉर्क कॉसमॉस या अमेरिकी क्लबमध्ये पेलेंच्या जोडीला गेले. देशासाठीचे सामने १०३ वर थांबले. पुढे हॅम्बुर्गकडून १९८२ची बुंडेसलीगा, पुन्हा एकदा कॉसमॉस, आणि १९८३ मध्ये निवृत्ती.

१९८४च्या युरोपीय स्पर्धेत जर्मनी पहिल्याच फेरीत बाद झाली. प्रशिक्षक युप देरवाल यांनी पद सोडले आणि संघटनेने बेकेनबाउरना बोलावले. अडचण अशी की त्यांच्याकडे प्रशिक्षकाचा परवानाच नव्हता. जर्मनीत कागदाशिवाय पान हलत नाही. मग ‘टीमशेफ’, म्हणजे संघप्रमुख, असे पद देण्यात आले आणि परवानाधारक हॉर्स्ट क्योपेल त्यांच्या जोडीला आले.

सुरुवात काही राजेशाही नव्हती. ऑक्टोबर १९८५ मध्ये पोर्तुगालने जर्मनीला तिच्याच भूमीवर हरवले. विश्वचषकाच्या पात्रता फेरीतला हा जर्मनीचा पहिलाच पराभव. १९८६ मध्ये मेक्सिकोत संघ रडतखडत पुढे सरकला. राखीव गोलरक्षक उली श्टाइन याने प्रशिक्षकाला ‘सूपवाला’ अशा अर्थाचे नाव ठेवले (बेकेनबाउर यांनी तरुणपणी पाकिटातल्या सूपची जाहिरात केली होती) आणि स्पर्धा चालू असतानाच त्याची घरी रवानगी झाली. खेळ नीरस होता, पण उपांत्य सामन्यात फ्रान्सला २-० असे नमवून संघ अंतिम फेरीत पोहोचला.

आणि तिथे शॉन यांचीच चूक बेकेनबाउरनी केली. संघातला सर्वांत ताकदवान मध्यरक्षक लोथार मॅथॉयस याला मॅराडोनाच्या मागे लावले. मॅराडोनाने गोल केला नाही हे खरे, पण जर्मनीचे आक्रमणही बसून राहिले. अर्जेंटिना २-० अशी पुढे गेल्यावर मॅथॉयस मोकळा झाला, जर्मनीने काही मिनिटांत दोन गोल फेडले, आणि लगेच मॅराडोनाच्या एका पासवर बुरुचागाने सामना संपवला. २-३. दोन वर्षांनी मायदेशातल्या युरोपीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत नेदरलँड्सकडून १-२ अशी हार झाली.

१९९०चा संघ वेगळाच होता. मॅथॉयस, आंद्रेआस ब्रेमे आणि युर्गेन क्लिन्समन इटलीतल्या इंटर मिलानकडून खेळत होते, आणि जर्मनीचे पहिले पाचही सामने इंटरच्याच सान सिरो मैदानावर पडले. सोडतीची अशी कृपा नेहमी होत नाही. बेकेनबाउर यांनी लिबेरो ठेवला, क्लाउस ऑगेन्थालर. पण त्याच्यात स्वतःचे प्रतिबिंब शोधले नाही. सूत्रे मॅथॉयसकडे. पहिल्याच सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध त्याने अर्धे मैदान कापत जाऊन गोल मारला. चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध उपांत्यपूर्व सामना १-० असा जिंकूनही ढिसाळ खेळावरून प्रशिक्षक खेळाडूंवर कडाडले. उपांत्य फेरीत इंग्लंडला पेनल्टींवर हरवले.

८ जुलैला रोममध्ये पुन्हा अर्जेंटिना, पुन्हा मॅराडोना. या वेळी त्याच्यामागे गिडो बुखवाल्ड होता आणि मॅथॉयस मोकळा. सामना म्हणून पाहिला तर तो रटाळच. अर्जेंटिनाचा एक खेळाडू बाहेर काढला गेला (दुसरा गोलनंतर गेला) आणि ८५व्या मिनिटाला जर्मनीला पेनल्टी मिळाली. पूर्वार्धात मॅथॉयसचा बूट तुटल्याने तो बदललेल्या बुटात खेळत होता, म्हणून चेंडूमागे ब्रेमे उभा राहिला. गोलखांबाला घासून खाली कोपऱ्यात, १-०. भारतात तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. जल्लोष चालू असताना बेकेनबाउर गळ्यात पदक घालून, हात खिशात खुपसून एकटेच मैदानात फिरत राहिले.

विजयाच्या भरात त्यांनी एकत्रित जर्मनी आता वर्षानुवर्षे अजिंक्य राहील असे सांगून टाकले. ते ओझे वारसदार फोग्ट्स यांच्या डोक्यावर बसले: १९९२च्या युरोपीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात डेन्मार्कने हरवले, १९९४च्या विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरीत बल्गेरियाने.

क्लबच्या प्रशिक्षणात त्यांनी फार काळ घालवला नाही. मार्सेय या फ्रेंच क्लबात काही महिने राहिले. १९९४ मध्ये हंगामाच्या मध्यात बायर्न हाती घेऊन बुंडेसलीगा जिंकली. १९९६ मध्ये बायर्नचे प्रशिक्षक ओटो रेहागेल यांना काढल्यावर पुन्हा मैदानाकडेला उतरले आणि फ्रान्सच्या बोर्दोला हरवून यूएफा चषक ही युरोपातील क्लबांची स्पर्धा जिंकली. पुढे ते बायर्नचे अध्यक्ष म्हणून २००९ पर्यंत होते. २००६चा विश्वचषक जर्मनीत आणण्यात आणि भरवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. याच स्पर्धेशी जोडलेल्या ६७ लाख युरोंच्या व्यवहाराची नंतर चौकशी झाली. त्यांनी गैरव्यवहार नाकारला. स्वित्झर्लंडमधला खटला मुदत उलटल्याने निकालाविना मिटला, पण नावाला डाग लागला तो लागलाच.

झागालो यांच्या निधनानंतर दोनच दिवसांनी बेकेनबाउर यांचे निधन झाले. बायर्नने त्यांची ५ क्रमांकाची जर्सी कायमची निवृत्त केली आहे.