पखवाजाला कणीक का लावतात? थोडी पार्श्वभूमी

कीर्तन सुरू व्हायच्या आधी पखवाजवाला बाजूला बसून कणकेचा गोळा मळतोय हे बऱ्याच जणांनी बघितलं असेल. तो ओला गोळा डाव्या पुडीच्या, म्हणजे डाव्या तोंडावरच्या कातड्याच्या, मधोमध थापायचा, थाप मारून बघायची, आवाज वर वाटला तर अजून थोडी कणीक, फारच खाली गेला तर बोटाने काढायची. वाजवून झालं की खरवडून टाकायची, नाहीतर वाळून कातड्याची वाट लागते.

हा उद्योग फार जुना आहे, फक्त आधी कणकेऐवजी चिखल होता. साधारण दोन हजार वर्षांपूर्वीच्या भरताच्या नाट्यशास्त्रात पुष्कर वाद्यांची, म्हणजे कातड्याच्या ढोलांची, गोष्ट आहे, स्वाती नावाचे मुनी तळ्यावर पाणी आणायला गेले, पाऊस आला आणि कमळाच्या लहानमोठ्या पानांवर थेंब पडून वेगवेगळे आवाज यायला लागले, त्यावरून म्हणे ही वाद्यं सुचली. आंकिक मांडीवर आडवं, ऊर्ध्वक उभं आणि आलिंग्य कवेत घेतल्यासारखं, असे तीन प्रकार. आणि ती सुरात लावायला कातड्यावर नदीकाठची काळी माती लिंपायची. मृदंग म्हणजे मातीचं अंग, खोड मातीचं असायचं म्हणून, असं सगळे सांगतात, पण मला विचाराल तर ही लेपाची मातीही त्या नावाला शोभते. उभे ढोल नंतर मागे पडले, आडवं तेवढं टिकलं. पखवाज हे नाव पक्ष आणि आतोद्य यावरून आलं असं मानतात, पक्ष म्हणजे बाजू, आतोद्य म्हणजे वाद्य, थोडक्यात दोन बाजूंचं वाद्य.

उजव्या पुडीवर मात्र लेप कायमचा झाला, तीच शाई. लोखंडाची बारीक पूड आणि खळ एकत्र करून पातळ थर द्यायचा, दगडाने घोटायचा, वाळू द्यायचा, परत थर. साध्या कातड्यावर मारलं की नुसता धप्प आवाज येतो कारण त्यातले वरचे स्वर एकमेकांशी जुळत नाहीत, मधे वजन आलं की ते मूळ स्वराच्या बऱ्यापैकी पटीत बसतात आणि चक्क सूर ऐकू येतो. सी. व्ही. रामन यांनी 1920 साली नेचर या विज्ञान नियतकालिकात यावरच लिहिलं होतं. आपल्या कारागिरांनी हे कानाने शोधलं, तेही कितीतरी आधी, हे मला जास्त भारी वाटतं. सूर असल्यामुळेच वादीखालचे (कातडं ताणणाऱ्या चामडी पट्टीखालचे) लाकडी गट्टे हातोडीने ठोकून उजवी बाजू गायकाच्या षड्जाला लावता येते.

ध्रुपद ही जुनी गायकी जोरात होती तोवर पखवाजाचं राज्य, 12 मात्रांचा चौताल, 14 मात्रांचा धमार. 19व्या शतकात दतियाचे कुदऊ सिंग आणि आपल्या वाईजवळचे, पुढे इंदूरला होळकरांकडे गेलेले नाना पानसे ही दोन मोठी नावं, दोघांची घराणी चालली. मग ख्याल गायकीचा जमाना आला आणि साथीला तबला लागला. अमीर खुसरोने पखवाज मधून तोडून तबला केला ही गोष्ट रंगवून सांगतात पण खुसरो गेला 1325 ला आणि तबला ठळकपणे दिसायला लागतो तो 18व्या शतकात दिल्लीत, त्यामुळे ती गोष्ट म्हणूनच ऐकावी. बोल, म्हणजे वाजवायची अक्षरं, मात्र तबल्याने पखवाजाकडून भरपूर उचलले. बैठकीतून पखवाज मागे सरला तरी वारकऱ्यांनी काही सोडला नाही, ते त्याला मृदंगच म्हणतात, आळंदीत आजही पोरं घोकून बोल पाठ करतात.

तबल्यात डाव्या हाताच्या डग्ग्यावरही कायमची शाई आली आणि तिथे कणकेची भानगड संपली. पंजाबात मात्र धामा म्हणून लाकडी डग्गा असतो, त्याच्यावर अजूनही कणीकच थापतात.