जुन्या गाडीच्या इंजिनातून वेगळा आवाज येऊ लागल्यास : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

गाडी आमच्याकडे आणताना बहुतेक ग्राहक "इंजिनातून आवाज येतोय, जरा बघून घ्या" एवढेच सांगतात. त्यात त्यांची काही चूक नाही; पण घरून गॅरेजपर्यंत येईस्तोवर इंजिन तापलेले असते आणि ज्या आवाजाची तक्रार आहे तो बरेचदा थांबलेला असतो. आमच्याकडे हत्यारे आहेत, अनुभव आहे, पण त्या गाडीत रोज बसणारे आपण आहात. आवाज केव्हा सुरू होतो, कशाने वाढतो आणि केव्हा थांबतो हे आपल्यालाच ठाऊक असते, आणि निदानाचे निम्मे काम त्या माहितीवर होते. ती कशी टिपावी, हे सांगण्यासाठी हे पत्रक काढले आहे.

त्याआधी एक महत्त्वाची सूचना. इंजिन चालू असताना डॅशबोर्डवरील ऑइलचा लाल दिवा लागला, मग आवाज येत असो वा नसो, तर गाडी सुरक्षितपणे कडेला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करावे आणि गाडी टो करूनच आणावी. हा दिवा ऑइलची पातळी दाखवत नाही. ऑइलचा दाब पडला आहे, असे तो सांगतो. दाब गेला की बेअरिंग (फिरणाऱ्या दांड्याला आधार देणारा भाग) आणि क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) यांच्यामधला ऑइलचा पातळ थर नाहीसा होतो आणि धातूवर धातू घासू लागतो. गॅरेज जवळच आहे म्हणून चालवलेल्या शेवटच्या किलोमीटर-दोन किलोमीटरमध्ये दुरुस्त होण्याजोगा क्रँकशाफ्ट निकामी झालेला आम्ही पाहिला आहे.

आवाजाला नेमका शब्द द्यावा

मराठीत आवाजांसाठी शब्दांची वाण नाही आणि आमच्या कामात हे शब्द खरोखर उपयोगी पडतात. टिकटिक म्हणजे हलका, कोरडा, धातूचा आवाज. तो बहुधा इंजिनाच्या वरच्या भागातून, टॅपेटकडून (व्हॉल्व्ह, म्हणजे हवेच्या व धुराच्या झडपा, ढकलणारा भाग) किंवा इंजेक्टरकडून (इंधन फवारणारा भाग) येतो, आणि इंजेक्टरची टिकटिक तर पुष्कळ गाड्यांत नेहमीचीच असते. ठकठक हा जड, खोलवरून येणारा ठोका असतो आणि तो खालच्या बाजूने, कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा दांडा) व क्रँकशाफ्टकडून येण्याची शक्यता अधिक असते. खडखड सैल पत्र्याची किंवा सैल झालेल्या टायमिंग चेनची (क्रँकशाफ्टशी मेळ राखून व्हॉल्व्ह चालवणारी साखळी), घरघर फिरणाऱ्या बेअरिंगची, किंचाळल्यासारखा आवाज बेल्टचा, फुसफुस हवेच्या गळतीची. शब्द सापडत नसेल तर आमच्या टेबलावर आधी किल्लीने आणि मग बोटाच्या पेराने वाजवून पाहावे. त्या दोन आवाजांत जो फरक ऐकू येतो, जवळपास तोच टिकटिक आणि ठकठक यांच्यात असतो.

आवाजाची गतीही पुष्कळ सांगून जाते. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा टॅपेट हलवणाऱ्या कॅमशाफ्टचा एक होतो. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर आयडलिंग करत असेल, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता नुसते चालू असेल, तर क्रँकशाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर होणारा आवाज सेकंदाला सुमारे १३ वेळा येतो आणि एखाद्या सैल टॅपेटचा आवाज साधारण ६ ते ७ वेळा. निम्म्या गतीचा आवाज कॅम, टॅपेट किंवा एखाद्या सिलिंडरमधील ज्वलनाकडे लक्ष वेधतो, तर पूर्ण गतीचा आवाज पुली, फ्लायव्हील यांसारख्या क्रँकशाफ्टवर बसवलेल्या भागांकडे. आपण मोजमाप करावे अशी अपेक्षा नाही. ॲक्सिलरेटर दाबल्यावर आवाजाची गती इंजिनाबरोबर वाढते की गाडीच्या वेगाबरोबर, एवढे पाहिले तरी पुरेसे आहे. न्यूट्रलमध्ये गाडी उतरत असतानाही जो आवाज चाकांच्या गतीने चालू राहतो, तो बहुतेक वेळा इंजिनाचा नसतोच. मात्र यासाठी मुद्दाम गाडी न्यूट्रलमध्ये उतरवू नये. ती चाचणी आम्ही गाडी उचलणाऱ्या लिफ्टवर करतो.

थंड इंजिन आणि तापलेले इंजिन

आम्ही विचारतो त्या प्रश्नांत हा सर्वांत मोलाचा आहे. सकाळी पहिल्यांदा गाडी सुरू केल्यावर दोन-तीन सेकंद टिकटिक येऊन थांबत असेल, तर रात्रभर खाली उतरलेले ऑइल हायड्रॉलिक टॅपेटपर्यंत परत पोहोचेपर्यंतचा तो आवाज असतो आणि जुन्या गाडीत त्याने घाबरून जाण्याचे कारण नसते. तीच टिकटिक मिनिट-दोन मिनिटे टिकून इंजिन तापल्यावर हळूहळू विरत असेल, तर आम्ही टॅपेटच्या आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातून निघणारा धूर गोळा करणारा नळ) पाहतो. मॅनिफोल्डच्या गॅस्केटमध्ये, म्हणजे सांध्यातील सीलमध्ये, बारीक फट पडली की तेथून निसटणारा धूर हुबेहूब टॅपेटसारखा आवाज करतो आणि धातू तापून प्रसरण पावला की फट बुजते. गॅस्केटच्या कडेला काजळीचा काळा पट्टा दिसला की शंका जवळजवळ मिटते.

थंड असताना पोकळ खडबड होऊन तापल्यावर कमी होणारा आवाज झिजलेल्या पिस्टनचाही असू शकतो. ॲल्युमिनियमचा पिस्टन तापल्यावर लोखंडी बोअरपेक्षा (पिस्टन ज्यात सरकतो त्या नळीपेक्षा) अधिक प्रसरण पावतो, त्यामुळे दोघांमधील जागा भरून येते. असे इंजिन ऑइल खात नसेल आणि पिकअप ठीक असेल, तर ते पुढे बराच काळ चालू शकते. केवळ या आवाजासाठी इंजिन काम काढण्याचा आग्रह आम्ही धरत नाही.

टायमिंग चेनच्या बाबतीत मात्र आमचे मत उलट आहे. सुरू करताना पहिले काही क्षण पुढच्या बाजूने खडखड येत असेल तर चेन ताणली गेली आहे किंवा ऑइलच्या दाबावर चालणारा तिचा टेन्शनर (चेन ताठ ठेवणारा भाग) थकला आहे असे समजावे. आवाज क्षणभरच येतो म्हणून ग्राहक महिनोन्महिने थांबतात. पण चेनने दाते ओलांडले तर पुष्कळ इंजिनांत व्हॉल्व्ह थेट पिस्टनवर आदळतात, आणि मग चेनचे काम संपूर्ण हेडचे (व्हॉल्व्ह बसवलेल्या, इंजिनाच्या वरच्या भागाचे) काम होऊन बसते.

याउलट, थंड असताना शांत आणि तापल्यावर वाढणारी ठकठक गंभीर धरावी. तापल्यावर ऑइल पातळ होते आणि झिजलेल्या बेअरिंगमधील मोकळी जागा ते पुरेशी सांभाळू शकत नाही. चढावर किंवा वरच्या गिअरमध्ये जोर लावताना खड्यांसारखा खळखळाट येत असेल, तर तो वेळेआधी होणाऱ्या स्फोटांचा, म्हणजे नॉकिंगचा असू शकतो. अयोग्य ऑक्टेनचे पेट्रोल, साचलेला कार्बन, पुढे सरकलेले इग्निशन टायमिंग आणि अति तापणे ही त्याची नेहमीची कारणे आहेत.

बाकीच्या खुणा थोडक्यात सांगता येतात. क्लच दाबल्यावर सुरू होणारा आवाज रिलीज बेअरिंगचा आणि क्लच दाबल्यावर थांबणारा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टकडील बेअरिंगचा असण्याची शक्यता असते. एसी लावताच येणारी किंचाळी सैल बेल्टची, आणि क्लच सोडताना बसणारा धक्का फाटलेल्या इंजिन माउंटिंगचा, म्हणजे इंजिनाच्या रबरी आधाराचा.

खडूची रेघ

एक जुनी गाडी आमच्याकडे आली तेव्हा तिच्या कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग गेले आहे, इंजिन उतरवावे लागेल, असे मालकांना दुसरीकडे सांगण्यात आले होते. ठकठक जड होती, खालून येत होती आणि ऐकणाऱ्याला तसेच वाटावे अशीच होती. परंतु ऑइलचा दाब मोजला तर तो चांगला होता, आणि एकेका सिलिंडरचे फायरिंग बंद करून पाहिले तरी ठोका जराही मऊ झाला नाही. बेअरिंग गेले असते तर त्या सिलिंडरवरील भार कमी होताच आवाज बदलायला हवा होता. म्हणून आम्ही इंजिन बंद करून क्रँकशाफ्टच्या पुलीवर मध्यापासून कडेपर्यंत खडूने एक सरळ रेघ ओढली, इंजिन काही वेळ चालवले आणि पुन्हा बंद करून पाहिले. रेघ तुटली होती; बाहेरचा अर्धा भाग दोन बोटे पुढे सरकलेला होता. पुलीच्या आतली आणि बाहेरची कडी जोडणारे रबर सुटले होते आणि बाहेरची जड कडी प्रत्येक फेऱ्यात आपटत होती. पुली बदलली, आवाज गेला, इंजिनाला हात लावावा लागला नाही.

म्हणूनच आमचा क्रम ठरलेला आहे. ऑइलची पातळी व अवस्था, बेल्ट आणि त्यावरील पुल्या, सैल पत्रे, माउंटिंग आणि एक्झॉस्ट हे बाहेरचे सगळे आधी तपासले जाते. त्यानंतर स्टेथोस्कोपने आवाजाची जागा शोधली जाते, ऑइलचा दाब वेगळा गेज जोडून मोजला जातो, आणि गरज वाटल्यास ऑइल फिल्टर कापून त्यातील कण पाहिले जातात. चुंबकाला चिकटणारे कण लोखंडी भागांचे असतात. न चिकटणारे, तांबूस किंवा रुपेरी कण बेअरिंगच्या थरांचे असू शकतात. इंजिन उघडण्याचा प्रश्न यानंतरच येतो, आणि आपल्या संमतीशिवाय ते उघडले जात नाही.

आणण्यापूर्वी काय करू नये

आवाज दबावा म्हणून अधिक जाड ऑइल किंवा डब्यात मिळणारी घट्ट द्रव्ये घालू नयेत. आवाज काही दिवस कमी होतो हे खरे आहे, पण झीज चालूच राहते, थंड इंजिनात ऑइल वरपर्यंत पोहोचण्यास उशीर होतो आणि आम्हाला वाचता येणारी खूणही पुसली जाते. बॉनेट उघडून स्वतः ऐकताना सैल बाह्या, ओढणी आणि मोकळे केस बेल्टपासून दूर ठेवावेत. रेडिएटरचा विजेवर चालणारा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो.

मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून आणल्यास मदतच होते, मात्र फोनचा मायक्रोफोन खोल ठोके नीट पकडत नाही, म्हणून रेकॉर्डिंगसोबत तारीख, इंजिन थंड की गरम आणि गाडी उभी की चालती, एवढे लिहून आणावे. आवाज फक्त सकाळी येत असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी आमच्याकडे ठेवावी. रात्रभर थंड झालेले इंजिन आम्ही आपण आल्याशिवाय सुरू करत नाही, कारण "हाच तो आवाज" असे आपण सांगितल्यानंतरच तपासणी सुरू होते.