सुपरनोव्हा म्हणजे गोल फुगा? नाही!

मोठा तारा फुटला की सगळा ऐवज चहूदिशांना सारख्याच वेगाने उडतो, असं चित्रांमधून आपल्या डोक्यात बसलंय. प्रत्यक्षात बरेच स्फोट वेडेवाकडे असतात.

मग हे पटकन का कळत नाही? एक तर बहुतेक सुपरनोव्हा इतके दूर असतात की दुर्बिणीतूनही नुसता ठिपका दिसतो. शिवाय सुरुवातीला बाहेरचे थर अपारदर्शक असतात, त्यामुळे गाभा झाकलेलाच राहतो. साधारण २०० दिवसांनंतर ढग विरळ होतो आणि आतला ऑक्सिजन थेट दिसू लागतो. त्याच्या वर्णपटातली (म्हणजे प्रकाश रंगांनुसार फाकवला की दिसणारी) ६३० नॅनोमीटर तरंगलांबीची रेषा बघायची: आपल्याकडे येणाऱ्या वायूचा प्रकाश निळ्याकडे सरकतो, लांब जाणाऱ्याचा तांबड्याकडे. ऑक्सिजन कड्यासारखा पसरला असेल आणि आपण ते बाजूने पाहत असू, तर रेषेच्या तेजाच्या आलेखाला दोन शिखरं येतात. हवाईतल्या जपानच्या सुबारू दुर्बिणीच्या निरीक्षणांत अशी शिखरं सापडली. निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले.

अर्थात, दोन शिखरं दिसली की लगेच कडं म्हणायचं नाही. शेजारीच ६३६ नॅनोमीटरला ऑक्सिजनचीच दुसरी रेषा आहे, ती चांगलीच फसवते.

१९८७ साली दिसलेला १९८७ए हा सुपरनोव्हा त्यातल्या त्यात जवळचा. त्याचा लांबट आकार हबल अवकाश दुर्बिणीने थेट टिपलाय.