दम्यात अडतो तो उच्छ्वास

दम्याचा झटका आलेला माणूस पुढे वाकून, गुडघ्यांवर हात टेकून, खांदे उचलून बसतो. बघणाऱ्याला वाटतं, याला हवा आत घेता येत नाहीये. खरं तर आत गेलेली हवा बाहेर पडत नसते.

श्वास घेताना छातीबरोबर आतल्या श्वासनलिकाही थोड्या रुंदावतात आणि सोडताना आखडतात. एरवी हे जाणवतही नाही. दम्यात नळी आधीच अरुंद असते, सोडताना ती आणखी चिमटते. त्या फटीतून हवा निघताना भिंती थरथरतात आणि छातीतून शिट्टी वाजते. हवा पुरती बाहेर पडायच्या आत पुढचा श्वास घ्यावा लागतो, त्यामुळे फुप्फुसं फुगत जातात आणि भरलेल्या छातीत आणखी हवा ओढताना जीव मेटाकुटीला येतो. झटका चढलेला असताना शिट्टी अचानक थांबली, तर उतार पडला असं समजू नये. हवेची ये-जाच जवळपास बंद पडल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी तातडीने दवाखाना गाठायला हवा.

नळी अरुंद होते ती तिच्याभोवतीचे स्नायू आवळल्याने, अस्तराला सूज आल्याने आणि चिकट कफ साचल्याने. थोडी अरुंद झाली तर एवढं काय बिघडतं? हवा संथ वाहते असं धरलं, तर त्रिज्या निम्मी झाल्यावर अडथळा दुप्पट नाही, 16 पट होतो! म्हणून नळी जराशी मोकळी झाली तरी केवढं हायसं वाटतं.

मला जास्त काळजी वाटते ती झटक्यांच्या मधल्या दिवसांची. माणूस ठणठणीत दिसतो, पण अस्तरात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी ठाण मांडून असतात आणि सूज धुमसत राहते. म्हणूनच धूळ, परागकण, थंड हवा अशा साध्या गोष्टींनीही नळी पटकन आवळते. वर्षानुवर्षं असंच चाललं तर अस्तराखालचा थर जाड होतो, स्नायू वाढतात, कफ बनवणाऱ्या पेशीही वाढतात. तेव्हा अरुंदपणाचा काही भाग औषधानेही पूर्ण जात नाही.

साल्ब्युटामॉलचा पंप काही मिनिटांत आराम देतो, कारण तो आवळलेले स्नायू सैल करतो. सूज मात्र त्याने उतरत नाही. त्यासाठी स्टेरॉइडचा पंप असतो, ज्याचा परिणाम दिसायला दिवस, कधी आठवडे लागतात. बरं वाटू लागलं की लोक नेमका तोच बंद करतात.