अंतराळातले पेन आणि पेन्सिलीची दंतकथा

अंतराळात चालणारे पेन तयार करण्यासाठी अमेरिकेने कोट्यवधी डॉलर उधळले आणि रशियनांनी मात्र पेन्सिल वापरून काम भागवले, ही गोष्ट गेली अनेक वर्षे मोठ्या चवीने सांगितली जाते. ती खरी नाही. सुरुवातीला पेन्सिली दोन्ही देश वापरत होते. नासाने 1965 मध्ये घेतलेल्या 34 यांत्रिक पेन्सिलींची किंमत प्रत्येकी सुमारे 129 डॉलर पडली, आणि टीका झाली ती त्या खर्चावर. शिवाय पेन्सिलीचे तुटलेले टोक यानात तरंगत राहते. ग्रॅफाइट वीजवाहक असल्याने त्याचा कण उपकरणात शिरला तर शॉर्टसर्किट होऊ शकते.

पेन बनवले ते पॉल फिशर या उद्योजकाने, स्वतःच्या पैशाने. त्याच्या बंद रिफिलमध्ये नायट्रोजन वायू दाबाखाली भरलेला असतो, आणि एरवी घट्ट राहणारी शाई टोकाची गोळी फिरू लागली की पातळ होऊन उतरते. नासाने कसून चाचण्या घेतल्या आणि 1968 च्या अपोलो 7 मोहिमेत ते वापरले. गंमत अशी की 1969 मध्ये सोव्हिएत संघानेही हीच पेने विकत घेतली.

दोघांच्या हाती एकच पेन होते, हा भाग मात्र कुणी सांगत नाही. पुढे जुलै 1975 मध्ये अमेरिकेचे अपोलो आणि सोव्हिएत संघाचे सोयूझ ही याने अवकाशात जोडली गेली, तेव्हा दोन्ही बाजूंचे अंतराळवीर एकमेकांची भाषा शिकून गेले होते.