‘फोर बाय फोर कधी वापरलीच नाही’ म्हणजे गाडी चांगली?

जुनी स्कॉर्पिओ किंवा सफारी फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनची ताकद देता येणारी गाडी) विकताना हे वाक्य हमखास ऐकू येतं. ते भूषण नाही, धोक्याची सूचना आहे. वर्षानुवर्षं न हललेल्या ट्रान्सफर केसची (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीची) मोड बदलणारी शिफ्ट मोटर किंवा लिव्हर जाम होतो, पुढचे हब (पुढची चाकं या यंत्रणेला जोडणारे भाग) अडकतात, सील सुकून तेल गळतं. आणि वापर नाही म्हणून ते तेल बहुधा कुणी बदललेलंही नसतं.

डॅशबोर्डवरचा फोर बाय फोरचा दिवा लागला की झालं, असं समजू नका. मोकळ्या मातीत टू-एचवरून (फक्त मागच्या चाकांना ताकद) फोर-एच (चारही चाकांना, नेहमीच्या वेगासाठी) टाका, स्टिअरिंग पूर्ण वळवून सावकाश गोल फिरवा. गाडी किंचित अडखळली, स्टिअरिंग जड झालं, तर पुढच्या चाकांना ताकद पोचतेय. हीच चाचणी कोरड्या डांबरावर नको, गिअरांवर ताण येतो. मग गाडी थांबवून, न्यूट्रलमध्ये फोर-एल (लो रेंज: कमी वेग, जास्त जोर) टाकून पाहा.

ट्रान्सफर केसचं तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. धातूचा चुरा दिसला तर सौदा सोडा. चारही टायर एकाच मापाचे, सारखे झिजलेले हवेत.

डस्टर एडब्ल्यूडीला (ऑल-व्हील ड्राइव्ह) लो रेंज नसतेच, तिथे फोर-एल शोधत बसू नका.